धरणाची कादंबरी आणि गावाची सभा

१

धरणामुळे उठलेल्या गावांवर लिहिलेल्या दोन मराठी कादंबऱ्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. पहिली विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'. ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९२ चा पुरस्कार तिला मिळाला. दुसरी कृष्णात खोत यांची 'रिंगाण'; तिला २०२३ चा पुरस्कार मिळाला. दोहोंमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. या तीस वर्षांत आपल्या राज्यात धरणे झाली, महामार्ग झाले, वीज केंद्रे झाली, काही होता होता राहिली, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणाचे ना कोणाचे शेत गेले. तेव्हा मराठी कादंबरीने या विषयाकडे पाठ फिरवली, असे कोणी म्हणू लागला तर त्याचे म्हणणे टिकणार नाही. विषय आला, तो समर्थ हातांनी आला, आणि त्याचा मानही झाला.

माझे म्हणणे निराळे आहे. आपल्या कादंबरीला गाव बुडाल्याचा दिवस दिसतो. गाव बुडवायचे ठरले तो दिवस तिला दिसत नाही. पाणी चढू लागते तेथून ती बोलू लागते. पाणी चढवायचे कोणी ठरवले, कोठे बसून ठरवले, ज्यांच्या उंबऱ्यात ते चढणार होते त्यांना कोणी विचारले काय, आणि विचारले असल्यास त्यांनी काय सांगितले, या ठिकाणी ती मुकी असते. हे मुकेपण केवळ विषयाच्या निवडीचे नाही. ते आपल्या वाङ्मयाच्या जीवनदृष्टीपर्यंत पोचते, असे मला वाटते, आणि म्हणून हा लेख.

या बाबतीत आमच्या भाषेनेच आधी निकाल देऊन ठेवला आहे. 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द पाहा. व्याकरणाच्या तासाला मुले ते तृतीया तत्पुरुष म्हणून सोडवतात: धरणाने ग्रस्त तो धरणग्रस्त. आता याच घराण्यातले इतर शब्द आठवावेत. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, रोगग्रस्त. १९७२ चा पाऊस कोणी बैठक घेऊन रोखला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली ती कोणाच्या सहीने हलली नव्हती. धरण मात्र ठरवून बांधले जाते. त्याची जागा कोणी तरी निवडतो, उंची कोणी तरी नेमतो, नकाशावर बुडीत क्षेत्राची रेघ कोणाच्या तरी हाताने ओढली जाते. असे असून आपण धरणाला पुराच्या आणि भूकंपाच्या पंगतीला बसवले. एकदा ते तेथे बसले, की कोणी ठरवले हा प्रश्न विचारण्याचे कारणच राहत नाही. पुराला कोणी जाब विचारत नाही. मग राहते ती मदत, मोबदला आणि हळहळ. मराठी कादंबरीने हा शब्द उचलला आणि त्याच्याबरोबर ही दृष्टीही उचलली.

२

'झाडाझडती'चे मोठेपण आधी सांगितले पाहिजे. जांभळी गाव धरणासाठी उठते आणि त्यानंतर तेथील माणसांच्या वाट्याला जे जे येते, त्याचा एवढा विस्तृत आणि एवढा निर्दय हिशेब मराठीत दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. लेखक स्वतः प्रशासनात अधिकारी होते. मोजणी, पंचनामा, दाखला, जमिनीचे वाटप हे सारे त्यांनी टेबलाच्या पलीकडून पाहिलेले आहे. आपल्या बहुतेक कादंबऱ्यांत सरकारी कचेरी बाहेरच्या बाकावरून दिसते. 'झाडाझडती'त ती आतून दिसते. कागद कसा चालतो, कोठे अडतो, कोणाचा हात लागला की पुढे सरकतो, हे त्या कादंबरीत कळते. खैरमोडे गुरुजींसारखा एक शाळामास्तर त्यात आहे, आणि मास्तरकीचा पेशा पत्करलेल्या मज्जातीय वाचकाला त्याच्याबद्दल अधिक जिव्हाळा वाटावा हे साहजिक आहे.

परंतु या कादंबरीतील माणसे कोणता प्रश्न घेऊन झगडतात? आमची बदली जमीन कोठे आहे, ती आम्हांला का मिळत नाही, मिळाली ती खडकाळ का, मधल्यामध्ये कोणी खाल्ले. हे प्रश्न खरे आहेत आणि जीवघेणे आहेत. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांच्या नातवंडांना अजून याच प्रश्नांसाठी उपोषणाला बसावे लागले आहे. तथापि हे सारे प्रश्न धरण गृहीत धरल्यानंतरचे आहेत. धरण येथेच का, एवढेच उंच का, दुसरी जागा पाहिली होती काय, पाणी कोणाच्या शेताला जाणार आणि हे ठरवताना आमचा माणूस त्या खोलीत होता काय, या प्रश्नांचा भार कादंबरीवर पडत नाही. धरण येते, जसा पाऊस येतो. लेखकाचा राग धरणानंतरच्या लबाडीवर आहे. लबाडी नसती, सारे अधिकारी सचोटीचे असते, तर जांभळीला काही म्हणायचे होते काय? या प्रश्नापाशी ही मोठी कादंबरी थांबते.

'रिंगाण'ची जात वेगळी आहे. उठलेल्या गावातला एक माणूस मागे राहून रानटी झालेल्या म्हशींसाठी पुन्हा जुन्या जागी जातो, आणि त्या वाटेवर माणूस, जनावर आणि जंगल यांचे नाते तपासले जाते. खोतांची नजर माणसाच्या शरीरावर, वासावर, मातीच्या स्पर्शावर आहे. विस्थापन म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलणे नव्हे, तर अंगाचे वळण मोडणे होय, हे ही कादंबरी ज्या ताकदीने सांगते ती ताकद विरळा. पण येथे तर धरणाचा निर्णय क्षितिजाच्याही पलीकडे गेलेला आहे. 'झाडाझडती'त निदान सरकार नावाचा प्रतिपक्ष होता. 'रिंगाण'मध्ये तोही विरून गेला आहे. माणूस आपल्या गतकाळाशी एकटा झुंजतो. कादंबरी म्हणून हे तिचे यश आहे. मराठी कादंबरीच्या प्रवासातली खूण म्हणून पाहिले तर मात्र ते मला अस्वस्थ करते. तीस वर्षांत आपण निर्णयाच्या जवळ जाण्याऐवजी आणखी लांब गेलो.

मराठी कादंबरीला गावाचा निर्णय मुळातच रंगवता येत नाही, असे म्हणावे तर तसेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. माणदेशातल्या एका धनगरवाडीत कोवळा मास्तर येतो आणि वाडीने तालीम बांधावी ही कल्पना त्याच्या मनात रुजते. ती त्याला वाडीच्या गळी उतरवावी लागते. कारभाऱ्याचे मन वळवावे लागते, लोक अंगमेहनतीने भिंती उभ्या करतात, औंधचे राजेसाहेब उद्घाटनाला येतात. तालीम ही केवढीशी वास्तू! पण ती उभी करायची की नाही, कोणी काय द्यायचे, हे वाडी ठरवते, आणि त्या ठरवण्यात वाडीचा एकेक स्वभाव आपल्याला कळत जातो. पुढे दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. वाचकाच्या काळजाला ती ओस वाडी चटका लावते, याचे एक कारण असे, की हीच माणसे एकदा एकत्र येऊन काही ठरवताना आपण पाहिलेली असतात. ठरवणारी माणसे परागंदा होतात तेव्हा दुःख मोठे होते. नुसती सोसणारी माणसे परागंदा झाली तर वाटते ती कणव. हा फरक आपल्या धरण-कादंबरीने ध्यानात घेतला असता तर तिची उंची आणखी वाढली असती.

३

निर्णयाचे नाट्य आपल्याकडे घडलेच नाही, मग कादंबरीकाराने ते कोठून आणावे, असा प्रश्न कोणी करील. ते घडलेले आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच घडलेले आहे.

मुळशीची हकीकत मराठी वाचकाला ऐकून माहीत असते, तपशील सहसा माहीत नसतो. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळशीला धरण घालायचे ठरवले. मावळातल्या गावांना त्याची खबर जमिनीवर खुणा पडू लागल्या तेव्हा लागली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही त्यातली पुढे झालेली नावे. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. लढा १९२४ पर्यंत चालला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झाले. एवढे शाळेच्या पुस्तकाला पुरते. कादंबरीकाराला हवे ते याच्या पोटात आहे. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे त्यात ते उघड झाले आहे. बुडणाऱ्या बऱ्याचशा जमिनीचे कागदोपत्री मालक पुण्याचे सावकार होते आणि ती कसणारे मावळे त्यांची कुळे होती. लढ्याच्या आरंभी दोघेही एका बाजूला. परंतु मोबदल्याचा दर चांगला ठरला की सावकाराचे दुःख संपते. कुळाचे दुःख तेथून सुरू होते. आता सांगा, 'लोकांचा विरोध' म्हणतात तो यांतल्या कोणाचा? सभेत सावकार बोलतो, कारण त्याला बोलता येते. मावळ्याच्या वतीने पुण्याचा पुढारी बोलतो, कारण मावळ्याला तेथे बसायला जागा नाही. एका सभेत केवढी कादंबरी आहे ही!

आणि पुढे पाहा. लढा चालू असतानाच, १९२३ साली, १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ५-अ हे कलम घालण्यात आले. नोटीस निघाल्यावर तीस दिवसांत हरकत घेता येईल, कलेक्टर ती ऐकून घेईल, सरकारकडे अहवाल पाठवील, आणि सरकार जे ठरवील ते अखेरचे. म्हणजे ऐकणार त्याचा माणूस, ठरवणार तो, आणि घेणारही तोच. पुढची नव्वद वर्षे या देशातल्या शेतकऱ्याच्या 'विचारणे' या शब्दाचा अर्थ एवढाच होता. तलाठ्याच्या सज्जावर चिकटवलेला कागद, दवंडी, तीस दिवस, आणि अर्ज लिहून देणारा कोणी तरी शिकलेला माणूस. तो बहुधा गावचा मास्तरच असतो. मराठी कादंबरीत शेतसाऱ्याचा कागद आला, सावकाराचा कागद आला, कोर्टाचे समन्स आले. हरकतीचा अर्ज आल्याचे मला आठवत नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले एक गाव. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर त्या गावापाशी धरण बांधण्याची योजना होती, म्हणून योजनेला गावाचे नाव पडले. पुढे राज्यांची फेरमांडणी झाली आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला शंभर किलोमीटरहून लांब, पैठणला गेली. उंचावरून कालवे काढले म्हणजे अधिक रान भिजेल हा त्यामागचा हिशेब. नाव मात्र तेच राहिले. त्यामुळे जे गाव धरणाच्या नावात आहे ते धरणापाशी नाही, आणि पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या भागांतल्या ज्या शंभरावर गावांना पाण्याची झळ लागली त्यांतले एकही नाव धरणाला नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. पाकिस्तानशी युद्ध थांबून पुरता महिनाही झाला नव्हता. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. तेव्हा देशात आणीबाणी होती. जागा बदलल्याचा निरोप पैठणकडच्या एखाद्या गावात कोणत्या सांजेला पोचला असेल? आणि जायकवाडीच्या एखाद्या शेतकऱ्याला, ज्याचे शेत त्या एका फेरबदलाने वाचले, काय वाटले असेल? इतिहासाच्या पुस्तकात या दोन माणसांना जागा नाही. ती कादंबरीची माणसे आहेत.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण येथे आपणां बीडकरांना नुसती सहानुभूती दाखवून सुटता येत नाही. नाथसागराचे पाणी उजव्या कालव्याने सिंदफणेवरच्या माजलगाव धरणापर्यंत येते. आमच्या जिल्ह्याचा काही भाग पैठणकडे बुडालेल्या जमिनीच्या जोरावर हिरवा झाला. माजलगावच्या धरणात पुन्हा आमच्याच जिल्ह्यातली गावे गेली. आमच्या परळी तालुक्यातले औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून चालू आहे. त्यालाही पाणी लागते, आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते बंद ठेवावे लागले. तेव्हा सिरसाळ्यात बसून लिहिणारा माणूस धरणाच्या कोणत्या काठावर आहे? तो दोन्ही काठांवर आहे. मराठी लेखकाला बुडालेल्या गावासाठी रडणे सोपे जाते, कारण रडताना तो लाभक्षेत्रात बसलेला असतो. निर्णयाची कादंबरी लिहायला घेतली की ही सोय जाते. कोणासाठी बुडवले, असा प्रश्न येतो, आणि उत्तरात आपले नाव निघते. करुणरसाकडे आपला जो ओढा आहे त्याचे एक कारण मला येथे दिसते.

४

इतर ठिकाणच्या लेखकांनी या प्रश्नाला कसे हात घातले हे पाहणे उद्बोधक आहे. मावळात सत्याग्रह चालू होता त्याच सुमारास, १९२२ मध्ये, रवींद्रनाथांचे 'मुक्तधारा' नाटक आले. उत्तरकूटचा यंत्रराज विभूती झऱ्याला बांध घालतो. त्यामुळे खालच्या शिवतराईच्या प्रजेचे पाणी राजाच्या मुठीत येते. युवराज अभिजित तो बांध फोडतो आणि त्यात प्राण देतो. बांधाच्या कामात मुलगा गमावलेली अंबा नावाची आई त्याला हाका मारत हिंडत असते. रवींद्रनाथांनी येथे दोन गोष्टी केल्या. बांधाला त्यांनी नियती मानले नाही. तो एका राजाचा आणि एका यंत्रज्ञाचा संकल्प आहे हे त्यांनी रंगमंचावर आणले. आणि उत्तरकूटची सामान्य माणसे त्या यंत्राच्या अभिमानाने कशी धुंद होतात हेही दाखवले. लाभक्षेत्राची धुंदी, असे आपल्या भाषेत म्हणू. तरीपण 'मुक्तधारे'तही सुटका होते ती राजपुत्राच्या बलिदानाने. शिवतराईची प्रजा सभेत बसून काही ठरवत नाही.

ती सभा दाखवली इब्सेनने, त्याच्याही चाळीस वर्षे आधी. 'लोकशत्रू' या नावाने आपण ओळखतो ते नाटक १८८२ चे. एका गावाचे भवितव्य नव्या स्नानगृहांवर अवलंबून आहे. त्यांचे पाणी दूषित आहे असे डॉक्टर स्टॉकमनला आढळते. दुरुस्तीला खर्च आहे, वेळ आहे, गावाची बदनामी आहे. डॉक्टरचा सख्खा भाऊच गावाचा महापौर. चौथ्या अंकात जाहीर सभा भरते. अध्यक्ष कोण, बोलायची परवानगी कोणाला, मूळ विषय काढू द्यायचा की नाही, यावरच पहिली लढाई होते. आणि अखेरीस तीच सभा बहुमताने डॉक्टरला लोकशत्रू ठरवते. सत्यजित रायांनी याच नाटकावरून १९८९ मध्ये 'गणशत्रू' हा चित्रपट केला तेव्हा स्नानगृहाच्या जागी देवळाचे तीर्थ आले. सभा तशीच राहिली. कारण आपल्याकडची सभाही काही निराळी नसते.

इब्सेनकडून आपण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. लोकांना विचारले म्हणजे लोक शहाणपणाचेच बोलतील, अशी त्याची भाबडी समजूत नाही. लोक चुकतात, लोभाला पडतात, शेजाऱ्याला बळी देतात. तरीही निर्णयाची जागा सभाच आहे, म्हणून नाटकाची जागाही सभाच. आपल्या धरण-कादंबरीत गाव बहुधा एकजीव आणि निरागस असते, आणि पाप बाहेरून येते. खरे गाव असे नसते. ज्याची चाळीस एकर जाते आणि ज्याची पडवी जाते, ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि जो पिढ्यान्पिढ्या त्याच रानात मजुरी करतो, ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि जिच्या नावावर काहीच नाही अशी विधवा, यांचे मत एक कसे असेल? निर्णयाच्या दिवशी गाव फुटते. फुटते म्हणूनच ते कळते.

आणि सहभाग म्हणजे विरोधच असतो असेही नाही. अहिल्यानगरहून बीडला रेल्वे यावी यासाठी आमच्या जिल्ह्याने किती निवेदने दिली, किती आंदोलने केली! १७ सप्टेंबर २०२५ रोजी पहिली गाडी बीडला आली तेव्हा पिढी उलटली होती. येथे लोक मागत होते आणि शासन हळू चालत होते. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण झाले, त्याची कथा याहून रम्य आहे. १९८० नंतरच्या दशकात तांदूळवाडी आणि बलवडी या गावांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि पाणी भूमिहीनांसह सर्वांना सारखे मिळावे असे तत्त्व धरले. सरकारशी त्यांना झगडावे लागले ते धरण बांधू द्या म्हणून! 'बनगरवाडी'च्या तालमीचे हे मोठे भावंड. यावर कादंबरी का नाही?

५

आता अपेक्षित आक्षेपाचा विचार करू. कादंबरी म्हणजे जनसुनावणी नव्हे, कायद्याची कलमे घेऊन कलाकृती होत नाही, हा सारा प्रचाराचा मामला आहे, असे कलावादी म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे, की कलम हा कलेचा विषय नसेल. कलमापुढे उभा राहिलेला माणूस निश्चित आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत जनसुनावणीचे जे नियम आहेत ते एखाद्या कथाकाराने सवडीने वाचावेत. सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. कोणीही न आले तरी ती सुरू होऊ शकते. सुनावणी संपताना झालेल्या चर्चेचा सारांश जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो. म्हणजे एक अधिकारी माईकपुढे उभा राहून गावाला, गाव काय बोलले ते सांगतो. वाचून दाखवलेले बोलणे आणि बोललेले बोलणे यांत जे अंतर पडते, त्या अंतरात कथाकाराचे सारे काम आहे.

याला आमच्या जिल्ह्यातले एक अंग जोडतो. दिवाळी झाली की बीडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही मुले. या महिन्यांत माझ्या वर्गातले बाक निम्मे रिकामे असतात. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा जे गावात सर्वांत गरीब, तेच गावात नसतात. ते कोठे असतात? पश्चिम महाराष्ट्रात, दुसऱ्या कोणत्या तरी धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडत असतात. अशा गावाची जानेवारीत संमती घेतली तर ती कोणाची संमती? हा प्रश्न आकडेवारीने सुटणार नाही. तो जाणवून द्यायला गोष्टच लागते.

कायदा बदलला आहे, हे खरे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के लोकांच्या संमतीची अट घातली, आणि समाजावरील परिणाम आधी तपासण्याचे बंधन आणले. पण सरकार स्वतःसाठी घेते त्या जमिनीला संमतीची अट नाही. आणि पर्यावरणाच्या कायद्याने ज्यांची तपासणी होते त्या सिंचन प्रकल्पांना सामाजिक तपासणीतून वगळले आहे. म्हणजे धरण पुन्हा वेगळ्या पंगतीला बसले. २००८ च्या २१ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझबद्दल शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. एका प्रकल्पासाठी शेतकऱ्याला रांगेत उभे राहून 'हो' की 'नाही' हे नोंदवता आले, अशी घटना आपल्याकडे अपूर्वच. बहुसंख्यांनी 'नाही' म्हटल्याचे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले, आणि तो प्रकल्प पुढे झाला नाही. २०२४ मध्ये शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला कोल्हापूरकडे एवढा विरोध झाला, की त्या जिल्ह्यापुरती अधिसूचना त्याच वर्षी रद्द झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. परळी वैजनाथ त्या मार्गावरच्या देवस्थानांत आहे. तेव्हा हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा आहे, आणि रस्ता हवा म्हणणारे व नको म्हणणारे एकाच पारावर बसतात.

अखेरीस कलावाद्यांना आपल्याच परंपरेतली एक सभा आठवून द्यावीशी वाटते. द्यूतात हरलेली द्रौपदी सभेत आणली जाते तेव्हा ती आधी दयेची याचना करीत नाही. ती प्रश्न विचारते. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःचाच राहिला नाही त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? हा प्रश्न अधिकाराचा आहे, दुःखाचा नाही. भीष्मांसारखा ज्ञाता धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून बगल देतो, बाकीचे वृद्ध खाली पाहतात, आणि विकर्ण बोलतो. महाभारताची सारी पुढची वाटचाल या अनुत्तरित प्रश्नातून निघते. व्यासांनी द्रौपदीचे नुसते रडणे लिहिले असते तर आपण तिच्यासाठी हळहळलो असतो आणि विसरलो असतो. त्यांनी तिचा प्रश्न लिहिला, म्हणून ती सभा अजून उठलेली नाही.

आपल्या धरणांच्या, रस्त्यांच्या आणि वीज केंद्रांच्या कादंबरीला हीच जागा मोकळी आहे. तिच्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. 'पाचोळा'सारख्या कादंबरीने १९७१ मध्येच दाखवून दिले, की मराठवाड्याची बोली हवा तेवढा भार उचलू शकते. कचेरी आतून कशी दिसते ते 'झाडाझडती'ने दाखवले. बुडालेले गाव अंगात कसे राहते ते 'रिंगाण'ने दाखवले. आता कोणी तरी तरुण लेखकाने उपविभागीय कार्यालयात जाऊन जुन्या हरकतींचे गठ्ठे सोडावेत. त्यांत अंगठे असतील, मास्तरांच्या हस्ताक्षरातले अर्ज असतील, उत्तरादाखल टाकलेला एका ओळीचा शेरा असेल. त्यांतला एक अर्ज घ्यावा आणि तो ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवसापासून गोष्ट सांगायला लागावे. धरण तोवर झालेले नसेल. होईल की नाही हे त्या अर्ज करणाऱ्याला ठाऊक नसेल, आणि वाचकालाही तेवढा वेळ ते ठाऊक नसावे.